इंजिनातली हवा आणि डोमाजी

डोमाजींनी आयुष्यात घाई केली ती फक्त जेवताना. भाताचा डबा उघडला की पाच मिनिटांत रिकामा. बाकी सगळं, म्हणजे बोलणं, चालणं, रागावणं आणि गाडी चालवणं, अगदी सावकाश. मी पुण्याकडची, तोंडाने फटकळ आणि स्वभावाने उतावळी. अशा आम्हा दोघांना संस्थेने एकाच गाडीत नऊ वर्षं शेजारी शेजारी बसवलं. पहिल्या महिन्यात मी दोनदा राजीनामा लिहिला आणि दोनदा फाडला, त्याला कारण डोमाजी. नऊ वर्षं टिकले, त्यालाही कारण तेच.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी संस्थेची डॉक्टर म्हणून भंडारा जिल्ह्यात आले. शहापूरला दोन खोल्यांत आमचा दवाखाना होता आणि दाराशी एक जुनी व्हॅन. त्या व्हॅनलाच सगळे ‘फिरता दवाखाना’ म्हणत. आठवड्यातले पाच दिवस पाच वाटांनी फिरायचं, त्यातला गुरुवार किल्ल्याखालच्या आंबागडचा. व्हॅन आमच्याकडे येण्याआधी आणखी कोणाकोणाकडे राबून आली होती. तिचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, एका पत्र्याच्या झाकणाखाली होतं. म्हणजे उजवीकडे डोमाजी, डावीकडे मी आणि मध्ये ते तापट इंजिन. मी माझा डबा त्या झाकणावर ठेवायची. भाजी गरम राहायची, एवढा एक फायदा.

तिचं दुखणं ठरलेलं होतं. पाण्याचे रबरी पाइप जुने, कुठून तरी पाणी झिरपायचं आणि पाण्याच्या जागी हवा शिरायची. इंजिनाभोवती पाणी फिरतं म्हणून ते थंड राहतं. मध्ये हवेचा फुगा अडकला की पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिन भाजून निघतं. हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा मला वाटायचं, पाणी कमी झालं ना, मग ओता आणि चला.

पहिल्याच गुरुवारी गाडी तापली. डोमाजींनी ती एका तलावाच्या पाळीवर, चढाला तोंड करून उभी केली आणि खाली उतरून चक्क बसले. खाकी पॅन्ट, वर पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. मी घड्याळ पाहिलं. आंबागडला लोक सकाळपासून येऊन बसले असणार.

“पाणी ओता ना,” मी म्हटलं.

“थंडी होऊ द्या, बाई. आता झाकण उघडलं त तोंड भाजून जाईन.”

अर्ध्या तासाने त्यांनी रेडिएटरवर तळहात ठेवला आणि मनात दहापर्यंत आकडे मोजले. हात टिकला तेव्हा कुठे झाकण उघडलं. गाडीत दोन डबे पाणी असायचं, तेही तलावाचंच. विहिरीचं पाणी ते घेत नसत. त्याने आत पांढरा थर बसतो म्हणायचे. डब्यातलं पाणी लोट्यात आणि लोट्यातून बारीक धारेने रेडिएटरमध्ये. मध्येच थांबून वरचा पाइप हाताने दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. मग इंजिनाच्या डोक्यावरचा एक लहानसा बोल्ट अर्धा आटा सैल केला. आधी फुस्स झालं, मग थुंकल्यासारखं पाणी उडालं, मग तुटक तुटक धार आली.

“धार तुटून राहिली म्हंजे आत हवा आहे,” ते म्हणाले. “लगातार धार आली का बोल्ट कसायचा.”

एवढं करूनही संपलं नाही. इंजिन चालू करून पुन्हा थांबणं, पाणी ढेकर देऊन खाली बसणं, पुन्हा लोटा. शेवटी त्यांनी पत्र्याच्या झाकणाकडे मान कलती केली, डोळे मिटले आणि ऐकत राहिले. मागच्या कोपऱ्यात दडलेला शेवटचा फुगा बोल्टातून दिसत नाही. तो फक्त ऐकू येतो, पोटात गुडगुडावं तसा. तो आवाज गेल्यावर डोळे उघडून म्हणाले, “गेली जी. बसा.”

“रोज असंच करता?”

“हवा घाईनं नाही निघत, बाई.”

हे त्यांचं पेटंट वाक्य. पुढे मी ते इतक्या वेळा ऐकलं की मुलांना ताप उतरायला वेळ लागला तर मीच त्यांच्या आयांना तशाच सुरात सांगायला लागले.

त्यांचं मूळ गाव साकोलीकडे. घर पिढ्यान्‌पिढ्या तलावाखाली धान पिकवणारं. वडील गावचे पाणकर, म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत कोणत्या दिवशी आणि किती वेळ सोडायचं ते ठरवणारा माणूस. वरच्या शेतकऱ्याने घाई केली की खालच्याची बांधी कोरडी राहते, म्हणून पाणकराला घाई करता येत नाही, आणि त्याच्याशी भांडून उपयोगही नसतो. डोमाजींच्या धाकट्या भावाने शेती सांभाळली आणि हे गाडीवर आले. लग्नानंतर बायकोच्या माहेरी, कारध्याला घर केलं. पण पाणकराचा तो शांत हट्टीपणा त्यांनी गावाकडून बरोबर आणला होता. पाणी कुठे अडलंय हे त्यांना गाडीतही वडिलांसारखंच कळायचं.

आता एक गोष्ट सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. दर एप्रिलमध्ये संस्थेचा एक छापील कागद येई. ‘सदर चालकाची दृष्टी व श्रवणशक्ती वाहन चालविण्यास योग्य आहे.’ खाली डॉक्टरची सही. तो कागद गेला नाही तर चालकाची नोकरी गेली. दरवर्षी कारकून तो चहाच्या कपाशेजारी ठेवायचा आणि मी चहा पिता पिता सही करायची. डोमाजींचे कान मी एकदाही तपासले नाहीत. ज्याला इंजिनाच्या पोटातला फुगा ऐकू येतो त्याचे काय कान तपासायचे, असं मला वाटायचं. पहिली काही वर्षं ते खरंही होतं.

एकदा संस्थेचे सचिव नागपूरहून पाहणीला आले. त्यांना सगळ्यातलं सगळं कळायचं. वाटेत गाडी तापली तेव्हा डोमाजी बसले आणि सचिव उठले. गाडी जरा निवल्यावर त्यांनी स्वतः डबा उचलून भसाभस पाणी ओतलं, झाकण लावलं, इंजिन सुरू करायला लावलं आणि तापमानाच्या काट्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हे बघा. एकदम थंड. उगाच वेळ घालवता तुम्ही लोक.”

डोमाजी जागचे हलले नाहीत. “साहेब, काटा पाण्यात असन त खरं सांगीन. हवेत लटकून राहिला त त्याले काय मालूम?”

“म्हणजे काटा खोटा?”

“खोटा नाही. बिचाऱ्याले पाणी लागलंच नाही.” मग त्यांनी सचिवांना वरचा पाइप धरायला सांगितला. तो गार होता. नंतर इंजिनावर हात न्यायला सांगितला. सचिवांनी हात झटकन मागे घेतला. इंजिन भाजतंय, पाइप गार, म्हणजे पाणी फिरतच नाही, हे मलाही तेव्हा कळलं. डोमाजींनी इंजिन बंद केलं. पुढचा तासभर सचिव मोहाच्या झाडाखाली रुमाल अंथरून बसले होते. नंतरच्या प्रत्येक बैठकीत त्यांनी हा पाइपाचा शोध स्वतःचा म्हणून सांगितला. डोमाजींना कोणी ते कळवलं तर म्हणाले, “चांगलं झालं. आता ते घाई नाही करणार.”

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, एका हिवाळ्यात, ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“बाई, तुमची ती नळी देता का जराशी?”

“कोणती नळी?”

“छातीची.”

त्यांना स्टेथोस्कोप इंजिनाला लावायचा होता. मी हसत हसत दिला. गाडीसमोर वाकून, कानांत नळ्या घालून हा माणूस इंजिनाची छाती तपासतोय हे पाहायला अख्खा दवाखाना बाहेर आला. परत देताना त्यांनी तो स्पिरिटने पुसून दिला. मी ही गोष्ट पुढे कितीतरी जणांना विनोद म्हणून सांगितली. दोन हातांवरून हवा ऐकणाऱ्या माणसाला आता नळी का लागते, हा प्रश्न मला पडला नाही. त्याच हिवाळ्यात ते माझ्याशी बोलताना उजवी बाजू पुढे करायला लागले होते. मी काहीही म्हटलं तरी “हो जी” म्हणायचे. मला वाटलं, इतक्या वर्षांनी एकदाचे माझं ऐकायला लागले.

होळी होऊन गेली होती. आंबागडच्या पलीकडच्या एका लहानशा वस्तीवर एक पहिलटकरीण रात्रीपासून अडलेली होती. मी तपासलं आणि भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. मागच्या बाकावर तिला निजवलं, शेजारी तिची सासू. तुमसर ओलांडून पाच-सहा मैल आलो असू, तेवढ्यात पुढून वाफ आली. वरचा पाइप फाटला होता.

डोमाजींनी फाटका तुकडा कापून टाकला, पाइप ओढून पुन्हा बसवला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळला. मग तेच सगळं. थांबणं, हात ठेवणं, लोटा, पाइप दाबणं, बोल्ट. मी मागे बसून कळा मोजत होते. त्या दिवशी मी त्यांना एकदाही घाई केली नाही, कारण गाडी एकदा बंद पडली तर त्या बाईला पुढे न्यायला दुसरं काहीही नव्हतं. बोल्टातून लगातार धार आली. त्यांनी तो कसला, मी पुढे येऊन बसले, त्यांनी इंजिन चालू करून थोडं रेस केलं आणि मान कलती करून डोळे मिटले.

“गेली जी. बसा.”

आणि माझ्या गुडघ्याशी, झाकणाखालून स्पष्ट आवाज आला. गुड, गुड, गुड.

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा शांत होता. ती छातीची नळी, ते “हो जी”, ती पुढे केलेली उजवी बाजू, सगळं मला एका क्षणात कळलं. गप्प बसले तर कदाचित पोचू, कदाचित अर्ध्या वाटेत इंजिन जाईल. बोलले तर या माणसाला तोंडावर सांगायचं की तुम्हाला ऐकू येत नाही.

“डोमाजी, हवा आहे अजून.”

“हो जी,” ते म्हणाले आणि गिअर टाकायला गेले.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. ते वळून माझ्याकडे बघेपर्यंत मी थांबले आणि तेच शब्द मोठ्याने म्हटले. त्यांनी झाकणाकडे पाहिलं. मग वाकून उजवा कान तापलेल्या पत्र्याला लावला. बराच वेळ लावून ठेवला. उठले तेव्हा गाल लाल झाला होता.

“मले नाही येऊन राहिला आवाज,” ते म्हणाले.

मागून सासू म्हणाली, “मले त येऊन राहिला, भाऊ.”

तिचा काही दोष नव्हता. तिला काय माहीत. डोमाजींनी ते ऐकलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं झालं. त्यांनी झाकण काढलं, पाना घेतला आणि मला समोर बसवलं.

“मी बोल्ट फिरवतो. तुमी ऐका. थांबली का हात वर करा. घाई नका करू, बाई.”

तो बोल्ट किती वेळा सैल झाला आणि किती वेळा कसला गेला ते मी मोजलं नाही. मी फक्त ऐकत होते. एवढं लक्ष देऊन मी कोणाची छातीसुद्धा ऐकली नव्हती. आवाज विरळ झाला, एकदा दोनदा आला, मग आलाच नाही. तरी मी थोडा वेळ थांबले आणि हात वर केला. डोमाजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, माझी खात्री आहे ना हे बघितलं आणि गाडी काढली. भंडाऱ्याला पोचल्यावर तासाभरात मुलगी झाली. आई आणि लेक दोघी सुखरूप. डोमाजींनी नळावर हात धुतले आणि डबा उघडला. त्या दिवशी मात्र जेवायला त्यांना बराच वेळ लागला.

पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघंही त्या विषयावर बोललो नाही. मग एप्रिलचा कागद आला. चहाच्या कपाशेजारी, नेहमीसारखा. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की सही करायची. या माणसाने नऊ वर्षांत एक कोंबडीसुद्धा चिरडली नव्हती. चांगले कान असलेले आणि भरधाव गाड्या हाणणारे चालक मी रोज बघत होते. कान गेले तर गेले, आरसे आहेत, मी शेजारी आहे. अशी सगळी वकिली माझी तयार होती.

तर ते स्वतःच खोलीत आले, दार लोटलं आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसले. माझ्यासमोर ते कधी बसत नसत.

“सही झाली का?”

“करते आहे.”

“नका करू.”

मी माझी वकिली सुरू केली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि तोंडाकडे बोट दाखवलं. “आराम से बोला. मले पाहून समजते.”

मी उठले, ट्यूनिंग फोर्क काढला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांचे कान तपासले. डावा जवळजवळ गेलेला. उजव्यात थोडं शिल्लक होतं, पण ते टिकणारं नव्हतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. डॉक्टर म्हणून मी त्या कागदावर दरवर्षी जे लिहून देत होते ते न बघता लिहिलं होतं.

“आपण आणखी एक वर्ष काढू,” मी म्हटलं. “मी असते ना शेजारी.”

“परवा कारध्याच्या पुलावर तुमी नव्हते,” ते म्हणाले. “मी गाडी घेऊन एकटाच येऊन राहिलो होतो. एक सायकलवाला बाजूनं आला. घंटी वाजवत आला असन. मले दिसला तवा त्याचा पाय गाडीले घासून राहिला होता. मंग तो उतरून मले शिव्या देऊन राहिला होता, बाई, अन् मले निस्तं त्याचं तोंड हलताना दिसलं.” त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. “त्याच्या मांगं कॅरिअरवर त्याची पोट्टी बसून होती.”

मी कागद पुढे ओढला.

“खरं लिहा,” ते म्हणाले.

मी ‘योग्य’ खोडलं आणि ‘अयोग्य’ लिहिलं. सही केली. रडले, लपवलं नाही. डोमाजींनी कागद स्वतःकडे फिरवून घेतला, एकेक अक्षर सावकाश लावून वाचला आणि म्हणाले, “पहिल्यांदाच वाचता येईन असं लिहिलं बाई तुमी.”

संस्थेने नवा चालक दिला. प्रकाश नाव, तिशीचा, चुणचुणीत. डोमाजी त्याला शिकवायला दोन आठवडे रोज कारध्याहून सायकलने आले. कोणी सांगितलं नव्हतं. प्रकाशला आधी हे सगळं म्हातारपणाचं खूळ वाटायचं, पण दुसऱ्या आठवड्यात मी त्याला चढावर गाडी लावून, डोळे मिटून ऐकताना पाहिलं. तिसऱ्या सोमवारी डोमाजी आले नाहीत. झालं असेल शिकवून, असं आम्ही समजलो.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले. माझी बदली ठरली होती. दिवाळी उलटली होती, धान कापून झालं होतं, आणि आम्ही नदीपलीकडच्या एका शिबिराला निघालो होतो. पूल ओलांडला आणि कारध्याच्या चहाच्या टपरीपाशी डोमाजी उभे दिसले. आमच्याकडे पाठ होती. प्रकाशचा हात हॉर्नकडे गेला. मी त्याला नको म्हटलं. त्याने गाडी कडेला घेतली आणि मी उतरून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

त्यांना फार आनंद झाला. बायको, जावई, भावाची शेती, सगळं सांगितलं. आवाज आता खूपच मोठा झाला होता. टपरीवाला हसत होता. माझी बदली झाल्याचं मी सांगितलं, ते त्यांना दोन वेळा सांगितल्यावर कळलं. “पुण्याले त घाईच घाई,” म्हणाले. मग माझ्या खांद्यावरून त्यांचं लक्ष गाडीकडे गेलं. बोलायचं थांबले. मान थोडी कलती केली, डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले. रस्त्यावरून एक ट्रक गेला, एक बस गेली. त्यांचे डोळे मिटलेलेच.

“मस्त चालून राहिली,” शेवटी ते म्हणाले. “जराशी बी हवा नाही.”

मी मागे वळून पाहिलं. प्रकाश गाडीच्या पायरीशी उभा होता. आम्ही थांबल्याबरोबर त्याने इंजिन बंद केलं होतं आणि किल्ली त्याच्या हातात होती. तो काहीतरी बोलायला लागला. मी त्याच्याकडे पाहिल्यावर गप्प झाला.

मी डोमाजींकडे वळले. त्यांनी डोळे उघडले होते आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सावकाश, त्यांना नीट दिसेल असं म्हटलं, “हो. मलाही तसंच ऐकू येतंय.”